तुमचे मासिक पान ३१ वर सुरू होते

वाचकाचे पत्र:
मी खानापूर तालुक्यातील असून बेळगावात पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गावात आणि आजूबाजूच्या गावांत बेंजो पार्टी, हलगीचा ताफा आणि झांजपथक यांत वाजवणारी सोळा ते बावीस वर्षांची पुष्कळ मुले आहेत. माझा धाकटा भाऊही हलगी वाजवतो. या मुलांसाठी संगीताचे एक त्रैमासिक काढावे असे आम्हा चौघांच्या मनात आले आणि सहा महिने खपून आम्ही ४८ पानांची डमी, म्हणजे छापण्यापूर्वीचा नमुना अंक, तयार केली. आर्ट पेपर, चार रंग, इंग्रजी नाव आणि शास्त्रीय संगीतापासून रॅपपर्यंत सगळे काही त्यात आहे. भावाच्या पार्टीतील मुलांना ती दाखवली, तेव्हा “छान आहे” म्हणून त्यांनी दोन मिनिटांत बाजूला ठेवली. त्यांच्यापैकी निम्मी मुले कन्नड शाळेत शिकलेली आहेत, त्यांच्यासाठी काय करावे हेही सुचत नाही. डमी सोबत पाठवत आहे. आमचे कोठे चुकले?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमची डमी मी दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबलो. पान ३१ च्या खालच्या कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाहून जेमतेम मोठा असा एक फोटो आहे. गवताच्या जाळावर एक मुलगा हलगी तापवतो आहे. ती त्याने कानाजवळ नेली आहे आणि चामडे पुरते ताणले गेले की नाही हे टिचकी मारून ऐकतो आहे. फोटोखाली ओळ नाही, मुलाचे नाव नाही. पत्रावरून तो तुमचा भाऊ असावा असा माझा अंदाज आहे. ४८ पानांत तुमच्या वाचकाचे हे एवढेच दर्शन आहे आणि तेही निनावी आहे. मुखपृष्ठावरची गिटार, हेडफोन लावलेली मुलगी, धुराच्या लोटात उभा असलेला परदेशी गायक ही सगळी चित्रे दुसऱ्या कुणाच्या तरी मासिकातून तुमच्याकडे आलेली आहेत. मुलांनी “छान आहे” म्हटले, कारण परक्या घरातल्या वस्तूंबद्दल आपण तसेच बोलतो. तुमचे स्वतःचे मासिक पान ३१ वर सुरू होते आणि मांडणीचा प्रत्येक निर्णय त्या फोटोपासून घ्यावा, असे मला मनापासून सांगावेसे वाटते.

डमीत मला दोन वाचक दिसतात. एक तुमच्या कॉलेजातला, जो मोबाइलवर जगभरचे संगीत ऐकतो आणि ज्याला तुमच्या मासिकाची फारशी गरज नाही, कारण त्याच्यासाठी लिहिणारे पुष्कळ आहेत. दुसरा तुमच्या भावाच्या पार्टीतला, जो लग्नसराईत रात्र रात्र वाजवतो, सकाळी कामाला किंवा कॉलेजला जातो आणि ज्याच्या वाद्याबद्दल, हाताबद्दल, कष्टाबद्दल छापलेला एक परिच्छेदही त्याने आजवर वाचलेला नसतो. पत्रात तुम्ही दुसऱ्याचे नाव घेतले आहे, पण पाने पहिल्याला डोळ्यांसमोर ठेवून रचली गेली आहेत. दोघांना एकत्र बसवण्याचा प्रयत्न सोडून द्या. आपल्याच जिल्ह्याशी नाते असलेले एक उदाहरण देतो. गुर्लहोसूरच्या किर्लोस्कर कुटुंबातील लक्ष्मणरावांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले, पुढे त्यांचा कारखाना किर्लोस्करवाडीला उभा राहिला आणि १९२० मध्ये तेथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. आरंभी ते कारखान्याचे आणि त्याच्या गिऱ्हाइकांचे पत्रक होते. संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार होते आणि पानाकडे ते चित्रकाराच्या नजरेने पाहत. वाचकवर्ग वाढला तेव्हा त्यांनी त्याच मासिकात सगळे कोंबले नाही. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये तरुणांसाठी ‘मनोहर’ अशी वेगळी मासिके काढली. नव्वद वर्षांपूर्वी आपल्या भागात ज्यांना हे उमगले होते, त्यांची पाने एखाद्या जुन्या वाचनालयात बसून अवश्य पाहा.

डमीतील अकरा पाने तुम्ही अण्णासाहेब किर्लोस्कर, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी आणि कुमार गंधर्व यांना दिली आहेत. या मातीतल्या थोर माणसांबद्दलचा तुमचा आदर योग्यच आहे, परंतु जन्मसाल, गुरू, पुरस्कार हा मजकूर शाळेच्या पुस्तकाच्या आवाजात आला आहे आणि तुमच्या वाचकाचा त्याच्याशी धागा जुळत नाही. अकराऐवजी दोन पाने ठेवा, पण त्यांत तो धागा शोधा. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावीचा. क्षयाच्या आजारामुळे ते देवासला जाऊन राहिले. गाणे बंद होते, अंथरूण सुटत नव्हते आणि त्या काळात दारावरून जाणाऱ्या माळव्यातील लोकांची गाणी त्यांच्या कानावर पडत होती. ती त्यांनी लक्षपूर्वक ऐकली, पुढे जमवली, त्यांचे स्वर लिहून काढले आणि काही धुनांमधून नवे राग उभे केले. रस्त्यावरचे वाजवणे ‘खालचे’ असते, अशा समजुतीत वाढलेल्या हलगीवाल्या मुलाला ही हकिकत सांगितली, तर तो ती शेवटपर्यंत वाचेल. त्याचप्रमाणे बेंजोची हकिकतही सांगा. आपल्याकडचा दाबायच्या कळा असलेला बेंजो हा जपानमधील नागोया शहरात १९१२ मध्ये तयार झालेल्या ‘ताइशोगोतो’ या वाद्याचा वंशज आहे. इकडे तो बुलबुलतरंग झाला, मग त्याला पिकअप (तारांचा आवाज टिपणारे साधन) आणि अँप्लिफायर जोडला गेला आणि लग्नाच्या वरातीत त्याचा आवाज घुमू लागला. ज्याच्या गळ्यात रोज हे वाद्य असते, त्याला त्याचा हा प्रवास कुणीतरी सांगायला हवा.

आता पानाकडे वळतो. पानाची चौकट, म्हणजे ज्या अदृश्य उभ्या पट्ट्यांवर मजकूर आणि फोटो बसवायचे ती आखणी, तुम्ही एका परदेशी मासिकाची जशीच्या तशी घेतलेली दिसते. तीन रकान्यांची ती चौकट मोठ्या आकाराच्या पानासाठी आहे आणि मराठी मजकूर त्यात तुटक दिसतो, कारण आपले शब्द प्रत्यय लागून लांबतात आणि अरुंद रकान्यात ओळीच्या शेवटी मोकळी भगदाडे पडतात. मी तुम्हाला आठ पट्ट्यांची चौकट सुचवतो. तुमच्या वाचकाच्या हातात दिवसभर केरवा हा ताल असतो आणि केरव्याच्या आठ मात्रा असतात. धा गे ना ति, न क धि न हे बोल पानावर लिहायचे झाले, तर आठ मात्रांना आठ पट्ट्या मिळतात, चौथ्या पट्टीनंतर उभी रेघ येते, समेच्या, म्हणजे पहिल्या मात्रेच्या, खाली फुली आणि कालाच्या, म्हणजे रिकाम्या पाचव्या मात्रेच्या, खाली शून्य. ही खूण संगीत लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीची असून तबला शिकणारी मुले ती ओळखतात. सहा मात्रांचा दादरा आला तर त्याच चौकटीतील सहा पट्ट्या वापरा. अशा रीतीने बोलांचे पान आणि लेखाचे पान एकाच मापावर उभे राहील आणि पान उलटताना डोळ्यांना ठेका सुटल्यासारखे वाटणार नाही.

हलगीच्या बोलांना मात्र छापील परंपरा फारशी नाही आणि तुमच्या मासिकाचे सर्वांत मोलाचे काम येथे आहे. एक काडी बारीक आणि लांब, दुसरी जाड आणि आखूड. दोन्हींचे आघात वेगळे. मुले एकमेकांना शिकवताना तोंडाने कोणते बोल म्हणतात ते बसून ऐका, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि त्यांच्याच मदतीने खुणा ठरवा. जाड काडीला भरीव ठिपका आणि बारीक काडीला उभी रेघ एवढ्या दोन खुणांनीसुद्धा पुष्कळ लिहिता येईल. प्रत्येक अंकात एकाच गावाची एक चाल द्या. कुस्तीच्या मैदानात हलगी, घुमके आणि कैताळ एकत्र वाजतात, तेव्हा तिघांच्या ओळी एकाखाली एक छापल्या, तर कोण केव्हा थांबतो आणि कोण केव्हा उचलतो हे कागदावर दिसेल. हे काम घाईने करू नका. पहिल्या अंकात एकच चाल नीट लिहिली गेली, तरी ती तुमच्या अकरा पानांहून भारी ठरेल.

आकाराविषयी थोडे व्यवहाराचे. मोठे ए-४ पान सोडून द्या. डेमी अष्टमांश, म्हणजे कापल्यानंतर साडेपाच बाय साडेआठ इंच, हा आकार घ्या. तो वाद्याच्या पिशवीत मावतो आणि आपल्याकडील छपाईवाल्यांना सवयीचा आहे. १८ बाय २३ इंचांच्या एका कागदावर दोन्ही बाजू मिळून त्याची १६ पाने बसतात, त्यामुळे ३२ पाने म्हणजे बरोबर दोन फॉर्म (असे दोन कागद), आणि मुखपृष्ठ वेगळे. तुमची ४८ पाने भरण्यासाठी भरल्यासारखी वाटतात. ३२ पुरे होतील. पानाची रुंदी १४० मिलिमीटर धरली, शिवणीकडे १४ आणि बाहेर १० मिलिमीटर समास सोडला, तर ११६ उरतात. त्यांत ११ मिलिमीटरच्या आठ पट्ट्या आणि मध्ये चार-चार मिलिमीटरच्या सात फटी नेमक्या बसतात. लेखाचा मजकूर सहा पट्ट्यांवर, म्हणजे ८६ मिलिमीटरच्या ओळीत लावा आणि उरलेल्या दोन पट्ट्या फोटोओळी, वाद्यांची नावे आणि मोकळी जागा यांसाठी राखा. ती मोकळी जागा वाया गेली असे समजू नका. मुले तेथे पेन्सिलीने बोल लिहितील, आणि म्हणूनच कागद आर्ट पेपर नसावा. आर्ट पेपरवर पेन्सिल घसरते, ट्यूबलाइटखाली तो चमकतो आणि घामाच्या बोटांचे ठसे त्यावर उमटतात. ८० ग्रॅमचा मॅपलिथो हा बिनचमकीचा कागद घ्या आणि मुखपृष्ठाला २२० किंवा २५० ग्रॅमचे आर्ट कार्ड. बांधणी मध्यभागी दोन पिनांची ठेवा. अशा बांधणीत मधली जोडपानेच अखंड असतात, बाकी प्रत्येक जोडपानाला मध्ये फट येते, तेव्हा सर्वांत चांगला फोटो मध्यावर छापा. पिना उघडून ते पान कुणी तालमीच्या खोलीत भिंतीला लावले, तर अंकाचे काम झाले.

चार रंगांचा हट्टही सोडावा. आतील पाने काळा आणि आणखी एक रंग अशा दोन रंगांत छापली, तर खर्च उतरतो आणि अंकाला स्वतःचा चेहरा मिळतो. दर अंकाला दुसरा रंग बदला. पहिल्या अंकाला भंडाऱ्याचा पिवळा घ्या असे मी सुचवीन. सौंदत्तीच्या डोंगरावर जाऊन आलेल्या कोणत्याही मुलाला त्या रंगाची ओळख सांगावी लागत नाही. मात्र पिवळ्यात अक्षर कधीही छापू नका, ते पांढऱ्या कागदावर विरून जाते. पिवळा पार्श्वभूमीला, अक्षर काळे. शे-दोनशे प्रतीच काढायच्या असतील, तर डिजिटल छपाई करा. पाचशेच्या पुढे गेलात, तरच ऑफसेटच्या प्लेटचा खर्च वसूल होतो. तीन ठिकाणांहून लेखी दर मागवा आणि छापण्यापूर्वी त्याच कागदावरचे एक नमुना पान हातात घेऊन रात्रीच्या दिव्याखाली वाचून पाहा.

अक्षरांबद्दल मला अधिक बोलायचे आहे, कारण डमीत मला सर्वांत जास्त दुखावले ते अक्षरांनी. मथळ्यांना तुम्ही रोमन अक्षरांची नक्कल करणारा तिरपा फॉन्ट वापरला आहे आणि मजकुराचा ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाचा आला आहे. आपल्या डोळ्यांना लहानपणापासून सवय असते ती मराठी वळणाच्या अक्षरांची. पुष्कळ युनिकोड फॉन्टांमध्ये ही दोन्ही वळणे असतात. मजकुराची भाषा म्हणून मराठी निवडली, की योग्य वळण आपोआप येते. पाने लावायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर परिच्छेदासाठी त्यातील वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय सुरू करा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. परवान्याचे पैसे नसतील, तर स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर आहे आणि त्याच्या १.६ आवृत्तीत देवनागरी नीट बसते. छपाईच्या दुकानात अजूनही युनिकोडपूर्व फॉन्टवर काम चालत असेल, तर त्यांना मजकूर देऊ नका, फॉन्ट अंतर्भूत केलेली आणि चारही बाजूंना कापताना जाणारा ३ मिलिमीटर वाढीव भाग ठेवलेली पीडीएफ द्या. मजकूर एका फॉन्टमधून दुसऱ्यात नेताना प्रथम मोडतो तो अर्धा ‘ऱ’. ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले, तर दऱ्याखोऱ्यांच्या जागी समुद्र येतो. तेव्हा तऱ्हा, वाऱ्या, सुऱ्या असे शब्द असलेला परिच्छेद मुद्दाम कागदावर छापून तपासा. मजकूर ११ पॉइंटचा आणि ओळींमधील अंतर १६ पॉइंटचे ठेवा. तुम्ही ठेवलेले १३ पॉइंटचे अंतर रोमन लिपीला पुरते, आपल्या वेलांट्या आणि उकार त्यात एकमेकांवर आदळतात.

कन्नड शाळेत शिकलेल्या मुलांचा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी, जरा संकोचाने विचारला आहे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. ज्या पार्टीत दोन्ही घरांतली मुले एकत्र वाजवतात, तिचे मासिक एकाच लिपीत निघाले, तर निम्मी पार्टी दाराबाहेर राहील. त्याच वेळी, सगळा अंक दोन्ही भाषांत छापला, तर ३२ पानांत १६ पानांचाच मजकूर उरेल आणि तो कंटाळवाणाही होईल. मला सुचते ती वाट अशी. अंकाची भाषा मराठी राहू द्या. ते तुमचे घर आहे. पण प्रत्येक मुलाचे नाव, गावाचे नाव आणि वाद्याचे नाव दोन्ही लिप्यांत छापा. बोलांच्या पानावर दोन्ही लिप्या शेजारीशेजारी द्या, कारण ते पान सर्वांचे आहे. आणि दर अंकात चार पाने मूळ कन्नडमध्ये, एखाद्या कन्नड मुलाने किंवा मुलीने स्वतः लिहिलेली असावीत, तुमच्या लेखाचे भाषांतर नसावीत. श्रीकृष्ण पारिजात या लोकनाट्याचा खेळ किंवा करडी मजलू या वाद्यवृंदाचा ताफा यांबद्दल त्यांनी त्यांच्या भाषेत लिहिलेले वाचायला तुमची मराठी मुलेही मान वाकडी करून प्रयत्न करतील, कारण कानांनी त्यांना ते सारे ठाऊक असते. फॉन्टची सोय आहे: मुंबईच्या एक टाइप या संस्थेची ‘अनेक’ ही अक्षरमाला देवनागरी आणि कन्नड दोन्हींत एकाच हाताने काढल्यासारखी आहे, तिचा जाडपणा आणि रुंदी कमी-जास्त करता येते आणि ती मोफत मिळते. दोन लिप्या एका ओळीत आणताना एक काळजी घ्या. देवनागरीची धावपळ शिरोरेघेच्या वर असते आणि कन्नडची ओत्तक्षरे (जोडाक्षरातील दुसरी अक्षरे) खाली उतरतात, त्यामुळे मिश्र ओळींना अंतर आणखी एक-दोन पॉइंट वाढवावे लागते आणि दोन्ही अक्षरे समान आकाराची दिसावीत यासाठी पॉइंटच्या आकड्यावर न जाता डोळ्यांनी ठरवावे लागते.

फोटो तुमचे तुम्हीच काढा. मिरवणुकीतल्या रात्रीच्या फोटोंत एलईडीचे रंग आणि काळोख याखेरीज काही उरत नाही. दुपारी तालमीच्या वेळी, उघड्या दाराजवळ बसवून काढा. हात, काड्या, कळांवरची झिजलेली अक्षरे, खांद्यावर पट्ट्याने पडलेला वळ यांच्याजवळ जा. तुमच्या पानाला पूर्ण पानभर फोटोसाठी साधारण १६५० बाय २५५० पिक्सेल लागतात आणि साध्या मोबाइलचा कॅमेराही तेवढे देतो, परंतु व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून मागवा. मुलगा अठरा वर्षांखालील असेल, तर घरच्यांना विचारून, शक्य तर लिहून घेऊन मगच छापा.

आणि फोटोखालची ओळ. अनेक वर्षांपूर्वी मी एका अंकाची पाने लावत होतो. यात्रेतील वाजंत्र्यांचा एक देखणा फोटो मी पानभर छापला आणि खाली “गावातील कलाकार” एवढेच लिहिले. अंक निघाल्यावर एक वयस्क सनईवादक तो कापलेला फोटो घडी करून घेऊन आले आणि त्यांनी शांतपणे विचारले, “यात माझे नाव कुठे आहे?” माझ्याकडे उत्तर नव्हते. वाजवणाऱ्याचे नाव न छापण्याची ही सवय आपल्या समाजात खोलवर आहे. गायकाचे नाव असते, मंडळाचे असते, वर्गणीदाराचे असते, हलगीवाल्याचे नसते, आणि हे केवळ जागेअभावी होत नाही, त्यामागे कोणत्या घरातली माणसे हलगी वाजवत आली हाही इतिहास आहे. तुमच्या मासिकाची मांडणी हे बदलू शकते. दोन पट्ट्यांचा तो समास मी त्यासाठीच मागितला आहे. प्रत्येक फोटोशेजारी मुलाचे पूर्ण नाव, गाव, वाद्य, ते वाद्य कुणी बांधले आणि त्याने कुणाकडून शिकले, एवढे मोठ्या, सहज वाचता येणाऱ्या अक्षरांत यावे.

नावाविषयी थोडक्यात. इंग्रजी नाव काढा. ‘ठेका’ हा शब्द मराठी आणि कन्नड दोन्ही घरांतील वाजवणाऱ्यांच्या तोंडी आहे. तो किंवा मुलांच्या बोलण्यातला असाच एखादा शब्द घ्या. ठराविक काळाने, घडामोडी आणि त्यांवरील भाष्य यांसह अंक काढणार असाल, तर १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याप्रमाणे प्रेस सेवा पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि त्याच भाषेतील किंवा त्याच राज्यातील दुसऱ्या नियतकालिकाशी मिळतेजुळते नाव मिळत नाही, तेव्हा मुखपृष्ठ रंगवण्यापूर्वी नाव तपासा. डमीत तुम्ही चार चित्रपटगीते पूर्ण छापली आहेत, ती काढून टाका. गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्या शब्दांवर हक्क असतो. समीक्षेसाठी एखादी ओळ घेणे वेगळे आणि अख्खे गीत छापणे वेगळे. मुलांनी स्वतः वाजवलेले ध्वनिमुद्रण क्यूआर कोडने जोडा. कोड किमान दोन सेंटिमीटरचा असावा, त्याच्याभोवती कोरी जागा असावी आणि तो काळ्यातच छापावा.

त्रैमासिकाचे वेळापत्रकही मुलांच्या वर्षाप्रमाणे बदलून घ्या. गणेशोत्सवात कुणालाही वाचायला सवड नसते, पण आषाढ-श्रावणात तालमी सुरू असतात, तेव्हा एक अंक हवा. दुसरा दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नापासून सुपाऱ्या, म्हणजे वाजवण्याची बोलावणी, सुरू होण्याच्या सुमारास. तिसरा वैशाखातील बेळगावच्या शिवजयंती मिरवणुकीआधी. त्रैमासिकाच्या चार अंकांऐवजी वर्षाला तीन अंक पुरेत. ते पुस्तकांच्या दुकानात ठेवून उपयोग नाही; जेथे हलगीला चामडे चढवले जाते, बेंजोच्या तारा मिळतात, साउंडवाल्याकडे स्पीकर दुरुस्तीला येतात, तेथे ठेवा. तेथे बसून वाट पाहणाऱ्या मुलाच्या हाती तो आपसूक पडेल.

डमी या पत्रासोबत परत पाठवत आहे. मुखपृष्ठावरची गिटार मी पेन्सिलीने खोडली असून त्या जागी पान ३१ वरचा फोटो पूर्ण आकारात बसवल्याची चौकट आखून दिली आहे. मूळ फोटो तुमच्याकडे मोठ्या मापात असेल अशी आशा आहे. डावीकडच्या दोन पट्ट्या कोऱ्या ठेवल्या आहेत. तुमच्या भावाला विचारून त्या तुम्ही भराव्यात: त्याचे नाव, हलगी कुणी बांधली आणि पहिला हात त्याला कुणी शिकवला.